माल आला, जमीन तिथेच आहे

पिथमपूरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी क्वालिटी विभागात आहे. घर इंदूरला, रोज कंपनीच्या बसने येणंजाणं, याला 21 वर्षं झाली. 2 जानेवारी 2025 ला पहिली पाळी होती. त्या दिवशी बसमध्ये कुणी डुलक्या घेत नव्हतं. ड्रायव्हरने गाडी थांबवून मला वर घेतलं आणि एवढंच म्हणाला, "साहब, भोपालवाला माल आ गया."

आदल्या रात्री भोपाळहून 12 कंटेनर निघाले होते. युनियन कार्बाइडच्या बंद कारखान्यात पडून असलेला 337 टन कचरा त्यांत होता. अडीचशे किलोमीटरचा रस्ता मोकळा ठेवून पोलिसांच्या पहाऱ्यात तो पहाटेपर्यंत आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या कचरा जाळायच्या भट्टीच्या आवारात पोहोचला. उच्च न्यायालयाने 3 डिसेंबरला चार आठवड्यांची मुदत दिली होती, म्हणून ही घाई. त्या कारखान्यातल्या वायुगळतीला तेव्हा 40 वर्षं पूर्ण झाली होती.

संध्याकाळी घरी आलो तर आई टीव्हीसमोर बसली होती. म्हणाली, "अरे, आत्या ज्याला घाबरून आपल्याकडे आली होती, तेच हे ना?" तेच होतं. आत्याचे यजमान भोपाळला भेलमध्ये होते, राहायला पिपलानीत. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री वारा त्यांच्या बाजूला नव्हता, म्हणून ते वाचले. पण टाकीत उरलेला वायू संपवण्यासाठी 16 डिसेंबरला सरकारने तोच कारखाना पुन्हा चालू करायचं ठरवलं, आणि निम्मं भोपाळ मिळेल त्या गाडीने बाहेर पडलं. आत्या दोन मुलांना घेऊन आमच्याकडे आली. मी 8 वर्षांचा होतो. आत्या रात्री उठून खिडक्यांच्या फटींत ओले पंचे कोंबायची, हे मला अजून दिसतं.

3 जानेवारीला पिथमपूर बंद होतं. चहाच्या टपऱ्यासुद्धा उघडल्या नाहीत. लोक रस्त्यावर उतरले, लाठीमार झाला, दोघांनी अंगावर ज्वालाग्राही द्रव ओतून घेतला आणि ते भाजले. त्या लोकांना कुणी अडाणी म्हटलं की मला राग येतो. 2008 मध्ये त्याच कारखान्यातला चुन्याचा सुमारे 40 टन गाळ गाजावाजा न करता इथे आणून पुरला होता. 2015 मध्ये 10 टन कचरा चाचणी म्हणून इथेच जाळला. दोन्ही वेळा गावाला नीट विश्वासात कुणी घेतलं? शिवाय इंदूर ज्या यशवंत सागरचं पाणी पितं, त्याची काळजी होतीच. ती मलाही होती, अजून आहे.

फेब्रुवारीअखेर चाचण्या सुरू झाल्या, आणि 30 जूनपर्यंत सगळा कचरा जाळून झाला. चुना वगैरे मिसळून जाळावं लागतं, त्यामुळे राख मूळ कचऱ्याच्या दुपटीहून जास्त भरली. वर्तमानपत्रांत मथळे आले की भोपाळचं विष संपलं.

आता माझं काम मोजण्याचं. भाग आला की कॅलिपर लावायचा, आकडा लिहायचा, नंतरच तो पास करायचा. म्हणून या कचऱ्याचा हिशेब मी काढून पाहिला. 337 टनांतली 162 टन तर कारखान्याच्या आवारातली मातीच होती. बाकी सेव्हिन या कीटकनाशकाचे आणि नॅफ्थॉलचे अवशेष, अर्धवट तयार झालेला माल आणि रिॲक्टरमधला गाळ. हे सगळं 2005 मध्ये गोळा करून ठेवलेलं. आणि आवारात न उचललेली, दूषित माती किती? नागपूरची नीरी आणि हैदराबादची एनजीआरआय या दोन सरकारी संस्थांनी 2010 मध्ये अंदाज दिला होता, 11 लाख टन.

162 टन आणि 11 लाख टन. मी तो आकडा तीनदा तपासला.

ऑगस्टमध्ये आत्याला भेटायला भोपाळला गेलो तेव्हा दादाला, म्हणजे आत्येभावाला, म्हटलं, मला तो कारखाना दाखव. जे. पी. नगरच्या समोर लांबच लांब भिंत आहे. रस्त्याच्या अलीकडे रूथ वॉटरमन यांनी घडवलेला आई आणि मुलाचा पुतळा. भिंतीला एका ठिकाणी भगदाड होतं, माणूस वाकून जाईल एवढं. त्यातून सात-आठ शेळ्या आत चरायला गेल्या होत्या. गवत कमरेएवढं, हिरवंगार, मागे गंजलेले मनोरे. पाऊस नुकताच पडून गेला होता आणि भगदाडातून लालसर पाण्याची एक धार वस्तीच्या गटारीकडे चालली होती. एक मुलगी अनवाणी पायांनी ती ओलांडून शाळेत गेली. दादा म्हणाला, "कंटेनर गेले तेव्हा इथे टीव्हीवाले रांग लावून उभे होते. आता कुणी येत नाही."

हे कुणी साफ करायचं, आणि कुणाच्या पैशाने? 1998 पासून ती जमीन पुन्हा राज्य सरकारच्या ताब्यात आहे. 2001 मध्ये डाऊ या अमेरिकी कंपनीने युनियन कार्बाइड विकत घेतली, पण या जमिनीची जबाबदारी घेतली नाही. 2005 मध्ये केंद्राच्या रसायन खात्याने उच्च न्यायालयात अर्ज केला की सफाईसाठी डाऊने 100 कोटी आगाऊ भरावेत. शेवटी 126 कोटी रुपये केंद्राने, म्हणजे तुम्ही-आम्ही दिले. टनामागे जवळपास 37 लाख. मातीची सफाई वेगळ्या पद्धतीने होते, हा दर तिला लावता येणार नाही हे मला कळतं. पण 11 लाख टनांना कितीतरी कोटी लागणार हे समजायला हिशेबनीस व्हावं लागत नाही.

युनियन कार्बाइड ज्या देशातली, त्या अमेरिकेत अशा सफाईचा कायदा डिसेंबर 1980 मध्येच झाला होता, भोपाळच्या चार वर्षं आधी. लव्ह कॅनॉल नावाच्या वस्तीखाली पुरलेली रसायनं वर आली, आणि अध्यक्ष कार्टर यांनी सुपरफंडच्या कायद्यावर सही केली. रसायन आणि तेल उद्योगांवर कर बसवून निधी उभा केला, म्हणजे दोषी सापडला नाही तरी काम अडणार नाही. 1995 मध्ये तो कर बंद झाला आणि निधी आटत गेला. 2021 पासून कायदे करून कर परत आणावे लागले. नेमाने पैसा येत नसेल तर कायदा नुसता कागदावर राहतो, हे तिथेही दिसलं.

आपल्याकडे दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम झाले ते जुलै 2025 मध्ये, 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली. जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित जागांची यादी द्यायची, 90 दिवसांत त्यांची प्राथमिक तपासणी व्हायची, जागा दूषित ठरली तर खर्च प्रदूषण करणाऱ्याने द्यायचा, तो सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसेल तर केंद्र आणि राज्याने. हे चांगलं आहे, मनापासून म्हणतो. पण जागा कधीपर्यंत साफ झाली पाहिजे याची मुदत त्यात नाही. नियम आले तेव्हा देशात 103 दूषित जागांची नोंद होती आणि काम सुरू झालेलं होतं फक्त 7 ठिकाणी. मुदत नसलेलं काम आमच्या कारखान्यात कधी पुरं होत नाही, मग हे कसं होणार?

ही मुदत नियमांत यायला हवी आणि अर्थसंकल्पात दरवर्षी या कामाची रक्कम वेगळी दिसायला हवी, असं पत्र मी मंत्रालयाला पाठवलं आहे. तुमच्या गावाबाहेर, जुन्या एमआयडीसीत एखादा बंद पडलेला रसायनांचा कारखाना असेल, शेजारच्या विहिरीच्या पाण्याला रंग किंवा वास येत असेल, तर जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज द्या, गट क्रमांक लिहा, पोच घ्या. पुढच्या सहामाही यादीत ती जागा आली का, हे जाऊन विचारा.