‘सर्कमस्पेक्ट’ : एका शब्दाने केलेली फसगत

सीमाभागात अर्ज करणाऱ्याची तीन भाषांशी गाठ असते. आम्ही अर्ज मराठीत लिहितो, पोच कन्नडमध्ये मिळते आणि सविस्तर उत्तर आलेच, तर ते इंग्रजीत येते. गावातील मराठी फलकांबाबत केलेल्या आमच्या अर्जाला असेच उत्तर आले. अर्जदारांनी ‘सर्कमस्पेक्ट’ राहावे, असे त्यात लिहिले होते. शब्दाच्या शेवटी ‘सस्पेक्ट’चा भास होत होता. आम्हांला संशयित ठरवले, असा सर्वांचा समज झाला. तासाभरात निषेधाचा मसुदा तयार होऊन सह्याही झाल्या. तेवढ्यात एका निवृत्त गुरुजींनी शब्दकोश आणून समोर ठेवला.

लॅटिनमध्ये ‘सर्कम’ म्हणजे सभोवार आणि ‘स्पेकेरे’ म्हणजे पाहणे. पाऊल टाकण्यापूर्वी चहूकडे नजर फिरवणारा तो ‘सर्कमस्पेक्ट’. पंधराव्या शतकापासून हा शब्द इंग्रजीत आहे. ‘सस्पेक्ट’ त्याचा सख्खा भाऊच, पण त्याची दृष्टी खालून तिरकी जाणारी. ‘इन्स्पेक्टर’ आत डोकावतो, तर ‘रिस्पेक्ट’मध्ये मागे वळून पाहणे आहे. याच कुळातील संस्कृत धातू ‘स्पश्’. हेराला संस्कृतात ‘स्पश’ म्हणतात, आणि आपण दिवसातून दहादा उच्चारतो तो ‘स्पष्ट’ हा शब्दही त्याच धातूचा. ज्या शब्दावर आम्ही चिडलो होतो, तो दूरचा का होईना, नातलगच निघाला!

मराठीत त्याला काय म्हणावे, यावर मात्र आमचे एकमत होईना. ‘सावधान’मध्ये अवधान आहे, मंगलाष्टकांत ते शोभते. ‘खबरदार’ म्हटले की अंगावर धावून आल्यासारखे वाटते. ‘चौकस’ अर्थाने जवळचा, परंतु त्याला प्रश्न विचारण्याची खोड आहे. शेजारची कन्नड मंडळी जपून राहा या अर्थी ‘हुषार’ म्हणतात. हा मूळचा फारसी शब्द आम्ही मात्र वर्गातील पहिल्या क्रमांकाला देऊन टाकला! अखेर पत्रात सल्ला आहे की दटावणी, हेच ठरेना. ‘सारासार विचाराने वागा’ म्हटले तर सल्ला, ‘सांभाळून राहा’ म्हटले तर दटावणी.

निषेधाचा कागद आम्ही फाडला. नव्या पत्रात एवढेच विचारले, की फलकांबाबत निर्णय काय झाला, ते स्पष्ट कळवावे. त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही.