तापीकाठी

माय गेली त्या रात्री सुरतेतल्या आमच्या लिंबायतच्या गल्लीत लूम नेहमीसारखेच खडखडत होते. मला त्यांचा राग आला. अश्विनीकुमार घाटावरून परतलो, तर शेजारच्या काकू पिठलं-भाकरी घेऊन आलेल्या. काही न बोलता त्यांनी वाढलं आणि आम्ही जेवेपर्यंत तिथेच बसून राहिल्या.

देवाशी माझं भांडण आहे. या दिवसांत तुकोबा सारखे आठवतात. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पहिली बायको अन्नावाचून गेली, मूलही गेलं. तरी ते विठोबाशी बोलत राहिले, रागावूनसुद्धा. करुणा म्हणजे दुःख टळणं असेल, तर ती त्यांना मिळालीच नाही. मग मिळालं ते काय होतं?

अस्थी तापीत सोडल्या. ही नदी मुलताईहून निघते, आमचा खानदेश ओलांडून, उकाईच्या धरणातून इथे येते. मेहूणला तिच्याच काठी मुक्ताई अंतर्धान पावली, असं आम्ही मानतो. 2006 च्या ऑगस्टमध्ये याच पाण्याने सुरत बुडवलं. त्यानंतरही माय तिला हात जोडायची. कशासाठी, हे विचारायचं राहून गेलं.

काकूंना मात्र विचारणार आहे. त्यांचे यजमान गेले, तेव्हा त्या कुणाशी बोलायच्या?