गाडीचे कागद

"गाडीचे कागद दाखवा" हे वाक्य हवालदाराच्या तोंडून ऐकलं की भल्याभल्यांचा घसा कोरडा पडतो. पण या जगात एक जमात अशीही आहे, की जी हे वाक्य ऐकायला आसुसलेली असते. ही मंडळी रविवारी भल्या पहाटे उठतात, स्वतःच्या आधी गाडीला आंघोळ घालतात आणि ती चालवत (प्रसंगी शेजाऱ्यांकडून ढकलवून घेत) जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाला नेतात. तिथं गाडीशेजारी एक टेबल मांडायचं, त्यावर गाडीच्या काळातले छापील कागद पसरायचे आणि कुणीतरी येऊन वाचील या आशेवर दिवसभर उन्हात उभं राहायचं. मी त्या जमातीतला.

या टेबलाचं महत्त्व बाहेरच्यांना कळायचं नाही. नुसती गाडी उभी केली, तर लोक फक्त दोन प्रश्न विचारतात. "ॲव्हरेज किती देते?" आणि "विकायचीय का?" आमच्या गाडीच्या नशिबी तिसराही आहे. "ही टॅक्सी होती का हो?" कारण आमची गाडी म्हणजे १९७४ सालची प्रीमियर पद्मिनी. रंग दुधी. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्स्यांमधली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मुदत संपून निवृत्त झाली. पण घरंदाज पद्मिनीमागचा हा संशय काही निवृत्त व्हायला तयार नाही.

त्यातून शेजार कुणाचा, तर एखाद्या संस्थानिकाच्या रोल्स-रॉइसचा. तिच्या टेबलावर दरबाराची सोनेरी कडेची निमंत्रणपत्रिका आणि शिकारीचा फोटो. आता आमच्या पद्मिनीनं आयुष्यात वाघ कुठला मारायला? खंडाळ्याच्या घाटात रेडिएटर उकळून शिंगरोबाच्या देवळापाशी अर्धा तास वाफ सोडत उभं राहणं, हा तिचा सर्वांत मोठा पराक्रम. आणि त्याची निमंत्रणपत्रिका कुणी छापली नव्हती.

तेव्हा कागद निवडायचे कोणते?

आपल्याकडे पोट दुखतंय म्हटलं की जितके डॉक्टर भेटतात, तितकेच या बाबतीतही भेटले. एक म्हणाले, गाडीचं माहितीपत्रक पाहिजेच. दुसरे म्हणाले, छे! जुन्या मासिकांतल्या जाहिराती लावा. तिसऱ्यांचं म्हणणं पडलं, की जाणकार माणूस फक्त दुरुस्तीचं मॅन्युअल बघतो. मॅन्युअल आमच्याकडे होतं. त्यात १,०८९ सी.सी.च्या इंजिनाच्या पोटातला प्रत्येक अवयव सुटा करून दाखवलाय. ते पान उघडं ठेवलं, की लोक फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या तक्त्याकडे बघावं तसं बघतात आणि काही न बोलता पुढं सरकतात.

मग माहितीपत्रकासाठी चोरबाजार गाठला. तिथं एका चाचांनी फियाटचं चकचकीत पत्रक पुढं केलं. "साब, एकदम ओरिजिनल." चित्र झकास होतं. गाडी तीच, तोंडवळा तोच, पण बाई गाडी चालवत होती ती डाव्या बाजूला बसून! पत्रक अस्सल होतं, पण इटलीचं. मूळ इटलीच्या फियाट ११०० ची ही आपली भारतीय लेक, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये जन्मलेली. माहेरची माणसं ठीक. पण स्टिअरिंग डावीकडे असलेली आजी शेजारी बसवून नातीचं वय आणि कूळ कसं सिद्ध करणार? दुसऱ्या एका जाहिरातीचा कागद जुन्यासारखा पिवळा होता. नाकाशी नेला, तर चहाचा वास आला. चाचांना सलाम करून मी घरी आलो.

ही हकीकत ऐकून सौभाग्यवती भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, पण मामंजींची फाइल आहे की माळ्यावर."

अण्णा, म्हणजे माझे वडील, बँकेत होते. कागद फेकणं हे त्यांच्या लेखी ब्रह्महत्येच्या खालोखालचं पाप. फाइलीत सापडले ते असे: गाडीसाठी अनामत भरल्याची १९६७ सालची पावती, पुण्याहून आणलेल्या भाजीवर भरलेल्या जकातीची चिठ्ठी, धाकट्या बहिणीची लग्नपत्रिका (वरात याच गाडीतून निघाली) आणि सुतळीनं बांधलेली सात छापील पोस्टकार्डं. विक्रेत्याकडून दरवर्षी एक आलेलं. मजकूर तोच: आपला क्रमांक अद्याप आलेला नाही, आल्यावर कळवू. क्रमांकाची जागा कोरी सोडलेली आणि ती शाईनं भरलेली. प्रत्येक कार्डावर आकडा थोडा थोडा कमी.

आजच्या मुलांना हे समजावून सांगावं लागतं. त्या काळी देशात मोटारी बनवणारे कारखाने मुख्यतः तीन. कलकत्त्याजवळ अँबॅसडर, मुंबईला फियाट आणि मद्रासला स्टँडर्ड. कुणी किती गाड्या बनवायच्या, हे सरकारी परवाना ठरवणार. म्हणजे पैसे खिशात असले, तरी गाडी दारात यायची ती रांगेतूनच. अण्णांची रांग साडेसात वर्षं चालली. "साडेसातीच ती," आई म्हणायची. शिवाय नोंदवली होती फियाट. पण १९७४ मध्ये गाडीचं नाव पद्मिनी झालं. आपल्याकडे लग्नानंतर मुलीचं नाव बदलतात. आमच्याकडे मुलगी येतानाच बदलून आली. गाडी दारात उभी राहिली त्याच संध्याकाळी एक दलाल हजर. वर पैसे देतो, गाडी मला द्या म्हणाला. अण्णांनी त्याला चहा पाजला आणि दारापर्यंत पोचवलं. पुढं वर्षभर "चहा फुकट गेला" म्हणून हळहळले.

मी टेबलावर हीच कार्डं मांडली. मूळ कार्डं घरी कपाटात. टेबलावर त्यांच्या रंगीत झेरॉक्स, वर काच. (उन्हात शाई उडते, आणि चिकटपट्टी तर कागदाची वैरीण.) क्रमानं सात कार्डं, शेवटी लग्नपत्रिका. बस्स. मॅन्युअल डिकीत.

आणि गंमत झाली. रोल्स-रॉइसकडं निघालेली माणसं आमच्यापाशी अडली. आधी वाकून एक कार्ड वाचायची, मग दुसरं, मग आकडे मोजायची. एक आजोबा म्हणाले, "आम्ही स्कूटरसाठी नंबर लावला होता." दुसरे म्हणाले, "टेलिफोन!" एका बाईंनी गॅसचा नंबर सांगितला, तोही अजून तोंडपाठ. बघता बघता गाडीशेजारी आणखी एक रांग लागली, आणि या रांगेत मात्र कुणाला पुढं सरकायची घाई नव्हती. एक गृहस्थ बराच वेळ शेवटच्या कार्डापाशी थांबले. म्हणाले, "आमचा नंबर लागला, तेव्हा वडील राहिले नव्हते. गाडी घेतलीच नाही मग." एवढं बोलून त्यांनी पद्मिनीच्या बॉनेटवर हलकेच हात ठेवला. काचेवरची धूळ पुसायचं निमित्त करून मी जरा पलीकडं गेलो.

एका शाळकरी मुलानं तेवढ्यात विचारलं, "पण काका, ते दुसऱ्या दुकानात का नाही गेले?" रांगेतले सगळे म्हातारे एकदम हसले. इतकं मनापासून हसणं त्या मैदानावर दुसरं ऐकू आलं नाही.

परीक्षक आले, स्क्रू मूळचे आहेत का ते पाहिलं, चाकांवरच्या झाकण्या मोजल्या आणि पोस्टकार्डांकडं एक नजर टाकून गेले. त्यांच्या गुणपत्रिकेत तसला रकानाच नव्हता. संध्याकाळी निकाल लागला. रोल्स-रॉइस पहिली. आमचा क्रमांक अद्याप आलेला नाही.

हरकत नाही. अण्णा साडेसात वर्षं थांबले होते. माझं हे दुसरंच वर्ष आहे.