कोरडा पोशाख

आमचा भाचा स्कॉटलंडांत असतो व सुटीच्या दिवशीं तेथील थंडगार सरोवरांत कयाक नांवाची निमुळती होडी वल्हवितो. गेल्या पावसाळ्यांत तो पाथरीस आला, तेव्हां त्याच्या जलाभेद्य पोशाखाची हकीकत आम्हीं ऐकिली.

तो अंगांत चढविणें म्हणजे एक विधीच! घड्याळ, अंगठी आधीं उतरवावयाची. गळ्याची व मनगटांची रबरी पट्टी नखानें फाटूं नये म्हणून बेतानें ताणावयाची. मग उकिडवें बसून, गळपट्टी किंचित् सैल करून, आंतली हवा दवडावयाची. उतरविल्यावर गोड्या पाण्यानें धुणें, सावलींत वाळविणें, रबरास शंखजिऱ्याची पूड व धातूच्या चेनीस मेण लावणें.

"ऊब चांगली देत असेल?" आम्हीं विचारलें.

"छे, मामा! हा केवळ पाणी अडवितो. उबेसाठीं आंत लोकरच घालावी लागते."

लोकर म्हणतांच आम्हांस वडिलांची घोंगडी आठवली. धनगराकडून घेतलेली, चिंचोक्याची खळ दिलेली. तिची खोळ पांघरून ते भर पावसांत शेतावर जात. भिजली तरी ती ऊब देई. घरीं येतांच ती झटकून दांडीवर पसरावयाची. ओल्या घोंगडीची घडी केलेली त्यांना खपत नसे.

ते वारले त्या पावसाळ्यांत आम्हीं ती जपावी म्हणून दमटच ट्रंकेंत घातली व कुलूप लावलें. दिवाळींत उघडून पाहतों तों कसरीनें तिची चाळण केलेली!

निघतांना भाचा म्हणाला, "मामा, आजोबांची ती घोंगडी मला द्याल?"

आम्हांस उत्तर देववलें नाहीं.