सांगवीचा थांबा

बारामतीहून फलटणला जाताना, नीरा नदीच्या अलीकडे सांगवी लागते. दोन्ही बाजूंना ऊस, मधून एसटी. जूनमध्ये आम्ही आपाकडे गेलो, तेव्हा घरात एकच विषय होता: बारावी झालेल्या भाचीचे पुढे काय?

बारामतीत कॉलेजांची वाण नाही. तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ पासूनचे, विद्या प्रतिष्ठान १९७२ पासूनचे. भाचीला कॉम्प्युटरची पदवी हवी होती. दुल्हाभाई म्हणत, “टायपिंग येतेच. कुठेतरी काम धर, हप्त्यावर स्कूटी घेऊ.”

जेवणानंतर भाचीने वही उघडली. “मामू, बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास फुकट होता. कॉलेजला गेले तर विद्यार्थी पासाला भाड्याचा तिसरा हिस्सा. काम धरले तर महिलांचे अर्धे तिकीट. स्कूटीला हप्ता आणि वर पेट्रोल.”

हिशेब चोख होता. २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे भाडे आहे, पण शिकणाऱ्या मुलीला प्रवास त्याहूनही स्वस्त पडतो.

दुल्हाभाई बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “पैशाचे सोड. संध्याकाळची गाडी चुकली तर?”

काळजी खरी होती. शेवटी ठरले: सकाळी कॉलेज, दुपारी दोन तास कॉम्प्युटरचे काम, मगरिबच्या आत घर. स्कूटीचे नंतर बघू.

आम्ही परत निघालो. दुल्हाभाई पोहोचवायला थांब्यावर आले होते. आमची गाडी आली तरी ते चहावाल्याला बारामतीहून येणाऱ्या गाड्यांच्या वेळा विचारत होते.