आभाराच्या भिंतीवरचा गणपती

चित्र भिंतीवर लावलं नाही याचा राग कधीच ओसरला. पण चार घड्या घालून ते मुलीच्या दप्तरात परत पाठवलं, हे अजून डोक्यात जातं.

न्यू जर्सीतली सरकारी शाळा, मुलगी पहिलीत. थँक्सगिव्हिंगच्या आधी तिथे मुलांना विचारतात, तुम्ही कोणाचे आभार मानता? कुणी आजी काढली, कुणी कुत्रा, एकानं चक्क पिझ्झा. आमच्या बाईसाहेबांनी गणपती काढला. केशरी सोंड, पुढ्यात मोदक आणि उंदराच्या पायात स्नीकर्स, कारण तो धावून धावून दमतो. बाकी सगळी चित्रं कॉरिडॉरमध्ये लागली. टीचर फोनवर अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "शाळेत धर्म आणता येत नाही, कायदा आहे." डिसेंबरात त्याच भिंतीशी ख्रिसमस ट्री उभं राहिलं. ते म्हणे धर्माचं नाही, सणाचं! 1989च्या एका निकालात सुप्रीम कोर्टानंही ते धर्मचिन्ह धरलेलं नाही. असो.

नवरा म्हणाला, "जाऊ दे गं, आपण बाहेरचे." त्या वाक्यानं मी पेटले आणि वाचायला बसले. कायदा उलटाच निघाला. शाळेनं प्रार्थना घ्यायची नाही, हे 1962 पासून ठरलेलं. पण मुलानं आपल्या मनानं चित्रात, निबंधात देव आणला तर तो त्याचा हक्क, असं शिक्षण खात्याची मार्गदर्शक सूचनाच सांगते. आणि गंमत म्हणजे याच राज्यात, मेडफर्डला, 1994 साली बालवाडीतल्या एका मुलानं असल्याच चित्रात येशूचे आभार मानले होते. त्याच्या टीचर रजेवर असताना कुणीतरी ते काढलं. त्यांनी परत लावलं, पण कॉरिडॉरच्या पार टोकाला. पुढे पहिलीत त्यानं मुलांच्या बायबलातली गोष्ट वर्गात वाचायला आणली, तर ती एकट्या टीचरना वाचून दाखवायला लावली. आई कोर्टात गेली. 2000 साली अपिलात वाचनाच्या मुद्द्यावर न्यायाधीशांची मतं निम्मी-निम्मी झाली आणि शाळेच्या बाजूचा निकाल कायम राहिला. ती बाई माझ्या देवाला देव म्हणणार नाही कदाचित, पण रात्री दीडला मला ती सख्ख्या बहिणीसारखी वाटली.

सूचना छापून प्रिन्सिपलच्या टेबलावर ठेवली. घड्यांच्या रेघांसकट गणपती भिंतीवर गेला. पालकांनो, वकील नंतर; आधी तो कागद न्या.

वसंतात मुलगी रडत घरी आली. डब्याच्या वेळी मैत्रीण म्हणाली होती, येशूला न मानणारे नरकात जातात. मी तडक शाळेत. प्रिन्सिपलनी शांतपणे माझाच कागद पुढे केला. छळ होत नसेल तर मुलं आपापसात श्रद्धेविषयी बोलू शकतात, असंही त्यात होतं. असेल! सहा वर्षांच्या पोरीला नरक दाखवणं हा कसला हक्क? त्या मैत्रिणीला गप्प करायलाच हवं होतं, असं मला आजही वाटतं.

शेवटी शाळेनं दोघींच्या जेवायच्या जागा बदलल्या. लेक माझ्यावरच रुसली. डब्यातली पुरणपोळी त्या मैत्रिणीलाच आवडायची, बाकी कुणी हात लावत नसे.