पिन कुठल्या बाजूने

पोलादी पिन दोन्ही टोकांनी सारखीच दिसते. जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची, प्लॅस्टिकशी पातळी मिळवून बसवलेली. एका टोकाला बारीक उभ्या रेघांचं नर्लिंग असतं आणि तेच टोक सांध्याला धरून ठेवतं. गुळगुळीत टोकावर ठोकलं तर पिन आली त्या वाटेने परत जाते. उलट बाजूने ठोकलं तर नर्ल अख्ख्या भोकातून खरवडत निघतं, आणि चाळीस वर्षांचं प्लॅस्टिक ते सोसत नाही. तेव्हा आधी ठरवायचं ते हेच, की नर्ल कुठल्या बाजूला आहे. पिंपरीच्या टूलरूममध्ये साचे करण्यात माझी नोकरी संपली. त्यानंतरची वर्षं या एका प्रश्नाभोवती गेली आहेत.

लोक माझ्याकडे रूप बदलणारे रोबो दुरुस्तीला पाठवतात. सिनेमातले नव्हे, त्यांच्या आधीचे आणि आजूबाजूचे, ज्यांची नावं संग्राहकांच्या वर्तुळाबाहेर कुणी घेत नाही. जपानच्या टाकारा कंपनीची डायाक्लोन ही खेळण्यांची मालिका 1980 सालची. त्यातल्या गाड्या 1982 पासून रोबो होऊ लागल्या, आणि प्रत्येकीत तीनेक सेंटिमीटरचा, पायात लोहचुंबक असलेला एक चालक बसायचा. 1984 मध्ये हॅस्ब्रोने हेच साचे अमेरिकेत ट्रान्सफॉर्मर्स म्हणून आणले, रोबोंना जिवंत ठरवलं आणि चालक काढून टाकला. साचा मात्र तोच राहिला. निस्सानच्या चेरी व्हॅनेटवरून केलेला तो रोबो पाहा. काचेमागे डोकं असायला हवं तिथे आसन आहे. अमेरिकेत हाच आयर्नहाइड झाला, तेव्हा आसनाच्या जागी चेहऱ्याचं स्टिकर चिकटवून भागवलं. मुलांना तो बिनडोक्याचा वाटला असेल. मला त्या आसनाबद्दल फार आदर आहे. आकृती करणाऱ्याने माणूस बसणार म्हणून जागा सोडली होती, आणि पोलादात एकदा कोरलेली जागा गोष्ट बदलली म्हणून भरून येत नाही.

त्याच घराण्यातली मायक्रो चेंज मालिका 1983 ची. मायक्रोमॅन हा साधारण दहा सेंटिमीटरचा वीर आपल्याच जगात, आपल्याच टेबलावर वावरतो अशी तिची कल्पना. म्हणून त्यातले रोबो खऱ्या मापाच्या वस्तूंतून निघतात: कॅसेट प्लेअर, सूक्ष्मदर्शक, कॅमेरा, वाल्थर पी 38 पिस्तूल. बुटकी फोक्सवॅगन त्यातलीच, पुढे बम्बलबी नावाने जगभर गेलेली. ती मूळ खेळात गाडी नव्हतीच, खेळण्यातली गाडी होती. टेबलावरच्या खेळण्याचा रोबो होतो, इतकं ते सरळ होतं. अमेरिकेत ती डायाक्लोनच्या गाड्यांशेजारी उभी राहिली, आणि मापांचा तो गोंधळ आजवर कुणी निस्तरलेला नाही.

मला कंपन्यांपेक्षा साच्यांचा इतिहास जास्त खरा वाटतो. टाकाटोकू कंपनी 1984 मध्ये बुडाली. तिचं व्हॅल्किरी विमान, 1982 च्या मॅक्रॉस या अ‍ॅनिमे मालिकेसाठी शोजी कावामोरींनी आखलेलं आणि 1/55 मापात घडवलेलं, हॅस्ब्रोने जेटफायर म्हणून विकलं. साचे पुढे बँडाईकडे गेले आणि विमान बँडाईच्या नावावर पुन्हा निघालं. टाकाटोकूच्याच डोर्व्हॅक मालिकेतलं मुगेन कॅलिबर रोडबस्टर झालं, ओव्हेलॉन गॅझेट व्हर्ल झालं, आणि बीट्रास नावाचे चार कीटक डिलक्स इन्सेक्टिकॉन म्हणून अमेरिकेत उतरले. टॉयकोच्या अ‍ॅस्ट्रो मॅग्नम बंदुकीचा शॉकवेव्ह झाला आणि त्याच वेळी तीच बंदूक रेडिओ शॅकच्या दुकानांत गॅलॅक्टिक मॅन म्हणूनही मिळत होती. ब्राझीलमध्ये 1985 साली एस्ट्रेलाने छोट्या गाड्या आपल्या रंगांत काढल्या आणि रोबोंच्या दोन फौजांना ऑप्टिमस आणि मालिग्नस अशी नावं दिली. आपल्याकडे फनस्कूलने हॅस्ब्रोच्या परवान्याने ट्रान्सफॉर्मर्स काढली. जहाजाने फिरून आलेला साचा मी हाताळलेला नाही. पण त्यातून निघालेला तुकडा बोटाखाली घेतला की त्याचं वय कळतं. साच्याच्या दोन भागांमधली पार्टिंग लाइन जाड होते, कडेला जास्तीच्या प्लॅस्टिकची फ्लॅश येते, कोपरे बोथटतात. टूलरूममध्ये उमेदवारीत हेच पाहायला शिकवत. तेव्हा आम्ही ते तक्रार म्हणून लिहायचो. आता मी त्यावरून खेळण्याची वंशावळ मांडतो.

पण शेवटी सगळं पिनेपाशी येतं. सांधा सैल झाला की रोबो उभा राहत नाही. जस्ताच्या ओतकामाचं धड जड, त्याला पेलणारे कान प्लॅस्टिकचे, आणि या दोघांमध्ये एक पिन. ती काढल्याशिवाय कानांच्या मध्ये बसणारी जीभ नीट करता येत नाही. ही खेळणी उघडण्यासाठी केलेलीच नाहीत. पिन एकदा दाबायची ती कायमची, असं कारखान्यात ठरलेलं होतं. आम्ही जे करतो ते त्या ठरावाच्या विरुद्ध आहे हे मला पहिल्यापासून माहीत आहे, आणि तरीही मी ते करतो.

नर्लची बाजू ओळखायची माझी रीत अशी. आधी भिंग, आणि उजेड तिरका. नर्ल जिथे शिरलं तिथे भोकाच्या कडेला ताणाने आलेला फिकट पट्टा कधीकधी दिसतो. गडद रंगावर दिसतो, पांढऱ्यावर अजिबात नाही. मग डावा आणि उजवा हात शेजारी ठेवून पाहतो. बहुतेक कारखान्यांत जुळणी बाहेरून आत होते, कारण जिगवर, म्हणजे तुकडा धरून ठेवणाऱ्या चौकटीवर, तो ठेवताना आतली बाजू खाली जाते. पण एखाद्या जिगवर दोन्ही हात एकाच दिशेने बसवायचे असतील, तर एका हातात नर्ल बाहेर आणि दुसऱ्यात आत येतं. म्हणून मी डोळे मिटून ती जिगच उभी करतो. खाच कुठे असेल, कामगाराने डाव्या हातात काय धरलं असेल, प्रेसचा दांडा कुठून खाली आला असेल. एकाच खेळण्याच्या दोन खेपांत बाजू बदललेलीही मी पाहिली आहे. बहुधा मधल्या काळात जिग बदलली असावी. या विचारात माझी अख्खी दुपार जाते आणि ती वाया गेली असं मला कधी वाटत नाही. ठोकण्याचं काम त्यानंतर अर्ध्या मिनिटाचं.

याच्याइतका मान मला दुसऱ्या कशात मिळालेला नाही, आणि तो मला हवा होता. खेळणं परत गेलं की मालक विचारायचा, ‘तुम्ही हे उघडलंत तरी का?’ त्या प्रश्नाची मी वाट पाहायचो. पिनेच्या टोकावर ओरखडा नाही, कडा पांढरी नाही, सांधा मात्र बसलेला. माझी खूण कुठेही सापडू नये अशी माझी धडपड असायची, आणि त्याच वेळी मनात असायचं की कधीतरी याच धंद्यातला कुणी ते हातात घेईल आणि ओळखेल की इथे कुणीतरी येऊन गेलंय. जिगची युक्ती मी वर्षानुवर्षं कुणाला सांगितली नाही. विचारणाऱ्यांना भिंग आणि उजेडापर्यंतचं सांगायचो.

जे सांध्यात सुपरग्लू सोडतात आणि सुकेपर्यंत हलवत बसतात, त्यांच्याशी माझं जमत नाही. गोट्याच्या सांध्याला तो थर चालेल, पिनेच्या सांध्यात तो भोक खातो, आणि दोन वर्षांनी तेच खेळणं माझ्या टेबलावर येतं. पिवळं पडलेलं पांढरं प्लॅस्टिक पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवणाऱ्यांबद्दल मी मवाळ आहे. पिवळेपणा परत येतो, पण निदान त्यात कुणी लबाडी करत नाही. सर्वांत जास्त राग येतो तो खेळणं काचेच्या पेटीत सील करून त्याला गुण देणाऱ्यांचा. ज्याचं सगळं मोल वळण्यात आहे ते कधी वळूच नये, ही मला क्रूरता वाटते. आणि टाकाराची मास्टरपीस मालिका 2003 मध्ये सुरू झाली, तिथपासून गाडीची एकेक पट्टी उलगडत बसायची जी चढाओढ लागली आहे, तीही मला पटत नाही. डायाक्लोनच्या 1983 सालच्या फेअरलेडी गाडीचा रोबो मोजक्या हालचालींत होतो. बॉनेटची छाती, दारांचे पंख. पुढची हालचाल कोणती ते हाताला आपोआप कळतं, कारण आखणाऱ्याने मुलाच्या बोटांचा विचार केला होता.

काही ठिकाणी कौशल्याचा उपयोगच नसतो. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी सोनेरी झाक असलेलं प्लॅस्टिक वापरात आलं. त्यात चकाकी आणणारी भर असते, आणि त्या मिश्रणाचं प्लॅस्टिक काही वर्षांनी बिस्किटासारखं ठिसूळ होतं. जपानमध्ये 1988 साली निघालेला ब्लॅक झारक हा रोबो त्यासाठी कुप्रसिद्ध आहे. पिनेचा दाब तर आतून सतत चालूच असतो, त्यामुळे कुणी हात न लावताही तो भेगाळू शकतो. असं खेळणं आलं की मी पैसे न घेता परत पाठवतो. बाजू बरोबर ओळखली तरी तिथे काही साधत नाही.

गेल्या पावसाळ्यापासून माझा उजवा हात थरथरतो. पंच पिनेच्या टोकावर टेकवला की तो टेकलेला राहत नाही. औषध चालू आहे, त्याने इतर कामांपुरता फरक पडतो. शेजारच्या इमारतीतली एक मुलगी, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला, माझ्याकडे यायला लागली होती. मला काका म्हणते. तिच्या हाताला स्थैर्य आहे आणि घाई नाही, दोन्ही एकत्र क्वचित सापडतं. मी बाजू सांगायची आणि तिने ठोकायचं, असं आमचं ठरलं. हातोडी दिली तरी मान माझ्याकडेच राहील, हा त्यातला माझा हिशेब होता.

मग तिने दुरुस्तीला आलेला एक फेअरलेडीचा रोबो दंतवैद्याकडे नेला. तिची मावशी दाताची डॉक्टर आहे. छोट्या फिल्मवर खांद्याच्या सांध्याचा एक्स-रे काढला, प्लॅस्टिक धुक्यासारखं आणि पिन पांढरीशुभ्र. नर्लच्या रेघा मोजता येतील इतक्या स्पष्ट. मी तिला आधी बाजू सांगून ठेवली होती आणि ती बरोबर निघाली. मला झालेला आनंद माझ्या वयाला शोभण्यापेक्षा बराच जास्त होता. तरीही मी म्हटलं, याची सवय नको. इतकी वर्षं जे मी डोळे मिटून पाहत होतो ते आता कुणीही फिल्म उजेडात धरून पाहील, हे मला आवडलं नाही. कारण म्हणून मी खर्च पुढे केला. मावशी पैसे घेत नव्हती.

दुसऱ्या, डाव्या खांद्याचा एक्स-रे तिने मला न विचारता काढला. त्यात पिन मधोमध वाकलेली होती. कधीकाळी कुणीतरी त्यावर पाय दिला असावा. कान शाबूत, बाहेर काही खूण नाही, आणि आत पिन धनुष्यासारखी. ती या बाजूने निघाली नसती आणि त्या बाजूनेही नाही. कुठूनही ठोकलं असतं तरी कान फुटले असते. ‘नर्ल कुठे’ याशिवायही त्या सांध्याला काही विचारता येतं, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. भिंगाखाली, तिरक्या उजेडात, मनातल्या जिगवर, कुठेच मी वाकलेली पिन शोधली नव्हती.

तिने सोनाराच्या करवतीचं पातं आणलं. कान आणि जीभ यांच्यामधल्या फटीत ते बसतं. दोन्ही फटींतून पिन कापायची, जीभ मोकळी करायची, आणि कानांत उरलेले तुकडे आतल्या बाजूने बाहेर ढकलायचे. मी विरोध केला. मूळ पिन कापणं म्हणजे परतीची वाट बंद करणं, असं माझं मत आहे आणि ते अजूनही तसंच आहे. दोन दिवस आम्ही त्यावर बोललो. मग तिने कापली, मी नुसतं पाहत होतो. पात्याचा आवाज बदलला की ती थांबायची, शिकवलेलं नसताना. नवी पिन मी लेथवर करून दिली. हात थरथरला तरी लेथचा टेकू असतो. नर्लिंगही मीच केलं, मूळच्यापेक्षा किंचित उथळ, म्हणजे पुढे कुणाला ती काढायची झाली तर सोपं जावं. ती कुठल्या बाजूने दाबायची हेही मी ठरवलं आणि त्यावर तिने वाद घातला नाही.

सांधा मात्र तिने मला पटतो त्याहून घट्ट ठेवला. ती म्हणाली, मालक खेळेल तसा तो सैलावेल. मी म्हटलं, हे लोक कुठे खेळतात, काचेत ठेवतील. ‘मग आपण खेळू,’ ती म्हणाली. पार्सल करण्याआधी ते दोन दिवस टेबलावर राहिलं, आणि येता-जाता आम्ही दोघंही त्याची गाडी करत होतो, रोबो करत होतो. उजवा खांदा आता हवा तसा बसतो. डावा मला अजून घट्ट वाटतो. तिचं म्हणणं, तो बरोबर आहे.